पट्टा का करकरतो? गिटारच्या एका चामडी पट्ट्यावरून घेतलेला घर्षणाचा पाठ



फळ्यावर खडू किंचाळला की आपण काय करतो? खडू मोडून अर्धा करतो, नाहीतर हातात जरा तिरका धरतो. आवाज थांबतो आणि आपण पुढच्या ओळीकडे वळतो. दाराची बिजागरी कुरकुरली की तेलाचे दोन थेंब सोडतो. नवी कोल्हापुरी वहाण करकर वाजली तर मात्र उलट, तो आवाज म्हणजे रुबाब! वहाण वाजत नसेल तर ती घेणार नाही, असं म्हणणारी माणसं आपल्या गावांत होती, अजूनही आहेत.

या सगळ्या आवाजांचं मूळ एकच आहे. ते शिकवायला या वर्षी मला एक छान साधन मिळालं: आमच्या आठवीतल्या एका मुलाच्या गिटारचा चामड्याचा पट्टा. त्यातून घर्षणाचा पाठ तर झालाच, पण आणखी एक गोष्ट समोर आली. ती आपण शिक्षकांनी आपसात बोलायला हवी, म्हणून हा लेख.

आधी पट्ट्याचं सांगतो. हा मुलगा परिपाठाला प्रार्थनेबरोबर गिटार वाजवतो. गिटार त्याच्या मामाची, पट्टाही मामाचाच. जुना, जाड, तपकिरी. माईक समोर ठेवला की प्रार्थनेच्या प्रत्येक ओळीला पट्टा 'कर्र' करायचा. पहिल्या दिवशी पोरं हसली, दुसऱ्या दिवशी हसणं वाढलं. तिसऱ्या दिवशी त्याच्या आईचा फोन आला, "सर, नायलॉनचा नवा पट्टा घेऊन देते. स्वस्तात मिळतो. पण हा म्हणतो, मामाचाच पाहिजे."

मी म्हटलं, "ताई, आठवडाभर थांबा. वर्गाला प्रयत्न करू द्या."

आवाज नेमका येतो कुठून?

वर्गात प्रश्न टाकला तर उत्तर एकदम आलं, "सर, गिटारमधून!" ऐकायला तसंच वाटत होतं. गिटारचं पोट पोकळ असतं आणि वरची फळी पातळ. पट्टा गिटारला खुंटीपाशी अडकवलेला असतो. खुंटीजवळ झालेली बारीक थरथर लाकडात शिरते आणि पोकळ पोट तिला मोठं करतं. तारांचा आवाज मोठा होतो तो याच वाटेनं. म्हणजे कुरकुरतो पट्टा, बोलते गिटार.

मग शोध सुरू झाला. नियम एकच ठेवला: एका वेळी एकच बदल करायचा. दोन गोष्टी एकदम बदलल्या आणि आवाज थांबला, तर कशामुळे थांबला ते कसं कळणार? प्रयोग म्हणजे काय, हे पोरांना या एका नियमातून जितकं कळतं तितकं व्याख्येतून कळत नाही.

मुलांनी केलेलं असं:

पहिलं, पट्टा गिटारवरून काढून नुसता हातात पिळला. आवाज जवळपास नाही. म्हणजे वजन हवं.

दुसरं, गिटारच्या जागी पट्ट्याला साधारण दोन किलो ज्वारीची पिशवी लटकवून तो खांद्यावर घेतला. आता थोडा आवाज आला, पण पूर्वीपेक्षा कमी. म्हणजे एक जागा पट्ट्यातच आहे आणि दुसरी बहुधा गिटारच्या खुंटीपाशी.

तिसरं, पट्टा लांब-आखूड करण्यासाठी चामड्याची शेपटी ज्या चिरांतून ओवलेली असते, तिथे दोन थरांच्या मध्ये कागदाची पट्टी सरकवली. पट्ट्यातला आवाज गेला.

चौथं, कागद तिथेच ठेवून पट्टा परत गिटारला लावला. खुंटीपाशी अजून हलकी कुरकुर होती. खुंटी आणि पट्ट्याचं भोक यांच्यामध्ये कागदाची एक चकती बसवली. सगळं शांत!

दोन जागा सापडल्या. आता कारण.

अडकणं आणि सुटणं

सहावीला बलाचे प्रकार शिकवताना घर्षण येतं, आठवीला ध्वनी येतो. पण या दोन धड्यांची गाठ पुस्तकात सहसा पडत नाही. ती इथे पाडता येते.

एखादी जड पेटी ढकलून बघा. हलेपर्यंत जोर जास्त लागतो, एकदा सरकू लागली की कमी. थांबलेल्या वस्तूचं घर्षण म्हणजे स्थितिक घर्षण जास्त असतं, सरकणाऱ्या वस्तूचं गतिक घर्षण कमी. आता चामड्याचे दोन थर एकमेकांवर दाबलेले आहेत असं समजा. वाजवणारा किंचित वळला की वरचा थर सरकू पाहतो, पण स्थितिक घर्षण त्याला धरून ठेवतं. चामडं थोडं ताणलं जातं. ताण पुरेसा वाढला की थर एकदम सुटतो, घसरतो, पुन्हा अडकतो. पुन्हा ताण, पुन्हा सुटका. हे एका सेकंदात शेकडो वेळा झालं की आपल्या कानाला तो सलग आवाज वाटतो. खडूचं किंचाळणं असंच. बिजागरीचंही असंच.

पोरांना सर्वांत मजा वाटली ती पुढच्या गोष्टीची. व्हायोलिन आणि सारंगी वाजतात तीही अशीच! गजाच्या केसांना राळ लावतात ती घर्षण वाढवायला. गज तार पकडतो, ओढतो, तार सुटते, परत पकडली जाते. म्हणजे जो आवाज पट्ट्यात नकोसा, तोच सारंगीत हवाहवासा. एका मुलानं विचारलं, "सर, मग हा पट्टा म्हणजे वाईट वाजवलेली सारंगी का?" मी म्हटलं, हे उत्तर पेपरात लिहिलंस तरी मी मार्क देईन.

वजन वाढलं की आवाज का वाढला, त्याचंही उत्तर जुनं आहे. फ्रान्सच्या आमाँताँनं १६९९ मध्ये मांडलं की घर्षण दाबणाऱ्या भाराच्या प्रमाणात वाढतं. पुढे अठराव्या शतकात कूलाँनं घर्षणावर पुष्कळ प्रयोग केले. हा तोच कूलाँ, ज्याचं नाव मुलांना पुढे विद्युतप्रभाराच्या एककात भेटतं.

मग लावायचं काय?

पोरांनी घरून उपाय आणले: खोबरेल तेल, टाल्कम पावडर, मेणबत्ती, पेन्सिलीचं शिसं, कोरडा साबण. मामाच्या पट्ट्यावर थेट प्रयोग नको म्हणून माझा एक जुना चामडी कंबरपट्टा कापून तुकडे केले. प्रत्येक जोडीवर एकच उपाय, एक जोडी तशीच कोरी. गुळगुळीत बाजू गुळगुळीत बाजूवर ठेवून, वर वीट ठेवून, सरकवून ऐकायचं. वहीत रकाने आखले: काय लावलं, कुणी सुचवलं, त्याच दिवशी आवाज, आठवड्यानंतर आवाज, इतर परिणाम.

आमच्या वहीत आलेलं असं. तेलानं आवाज लगेच थांबला, पण चामडं काळपट आणि ढिलं पडलं, खाली ठेवलेल्या पांढऱ्या फडक्यावर डाग उठला. गणवेशाच्या खांद्यावर तो डाग नको. शिवाय खोबरेल तेल २४ अंशांच्या आसपास गोठतं आणि जुनं झालं की खवट वास येतो. पावडरीनं आवाज चटकन गेला. टाल्क हे मोहच्या काठिण्य श्रेणीतलं सर्वांत मऊ, एक नंबरचं खनिज. त्याचे पापुद्रे एकमेकांवर सहज घसरतात. पण तीन-चार दिवसांत पावडर झडली आणि आवाज परत आला. शिशानं बरं काम केलं, पण हात आणि कापड काळं झालं. साबण कोरडा असेतो चांगला, ओल लागली की चिकट. मेणबत्तीचं मेण बसलं, पण चामडं वाकवलं की पापडीसारखं सुटलं.

या प्रयोगात आठवीतल्याच एका मुलीचे हात मी बघत होतो. बाकीची पोरं तुकडे नुसते उचलत होती. ही मात्र प्रत्येक तुकडा अंगठ्यानं दाबायची, वाकवून बघायची, उलटा करून आतली खरबरीत बाजू तपासायची. मामाचा पट्टा हातात आल्यावर ती हळूच म्हणाली, "सर, हे उन्हात वाळलंय. म्हणून कडक झालंय."

शेजारच्यानं विचारलं, "तुला गं काय माहीत?"

ती गप्प झाली. त्या तासाला पुन्हा बोलली नाही.

तिचे आजोबा एस.टी. स्टँडजवळच्या झाडाखाली बसतात. आरी, रापी, दोरा आणि ठोकायचा लोखंडी तुकडा, एवढं दुकान. आमच्या गावातल्या निम्म्या चपला त्यांच्या हातून गेल्यात. माझ्याही.

आता मूळ मुद्दा

मित्रहो, त्या पोरीला उत्तर येत होतं. वर्गात फक्त तिलाच येत होतं. पण ते उत्तर कुठून आलं हे सांगायचं म्हणजे घर सांगायचं, घर सांगायचं म्हणजे जात सांगायची. चामड्याचं काम ज्यांच्या वाट्याला आलं, त्यांना आपल्या समाजानं पिढ्यान् पिढ्या हलकं ठरवलं. वहाणेचा रुबाब पायात घालणाऱ्याचा, आणि ती शिवणारा उंबऱ्याबाहेर. हे तेरा वर्षांच्या मुलीला कुणी पुस्तकातून शिकवलेलं नसतं. ती ते शेजारच्याच्या "तुला गं काय माहीत?" मधून शिकते. विचारणाऱ्या मुलाच्या मनात काही नसेलही. तिच्या मनात मात्र होतं.

आपण शाळेत संत रोहिदासांची जयंती साजरी करतो. प्रतिमेला हार घालतो, भाषणं होतात. १९३७ च्या वर्ध्याच्या परिषदेतून पुढे आलेली नई तालीम आपण बी.एड.ला पाठ केली. हातानं केलेल्या कामातून शिक्षण, असं उत्तरपत्रिकेत लिहून मार्कही घेतले. गांधीजी दक्षिण आफ्रिकेत चपला करायला शिकले आणि स्वतः केलेला एक जोड त्यांनी जनरल स्मट्स यांना भेट दिला, ही गोष्ट आपण कौतुकानं सांगतो. मग तेच काम रोज करणाऱ्या माणसाची नात आपल्या वर्गात मान खाली घालून का बसते? गांधीजींनी चप्पल शिवली तर मोठेपणा, झाडाखालच्या आजोबांनी शिवली तर कमीपणा, हे गणित कुठल्या इयत्तेचं?

शाळा सुटल्यावर ती सामान आवरत होती, तेव्हा मी विचारलं, "आजोबांना या पट्ट्याचं विचारशील का? आम्हा कुणाला जमेना."

ती थोडा वेळ थांबली. म्हणाली, "विचारते. पण सर, वर्गात सांगू नका."

मी म्हटलं, "नाही सांगणार."

दुसऱ्या दिवशी तिनं वर्तमानपत्राच्या कागदात गुंडाळलेला पिवळसर मेणाचा खडा दिला. मधमाश्यांचं मेण. शिवायच्या दोऱ्याला चामडं काम करणारे लावतात तेच. सोबत आजोबांचा निरोप, तिच्या शब्दांत: "आधी कोरड्या फडक्यानं पुसायचं. मेण बोटावर चोळून नरम करायचं, मग फक्त जिथं घासतं तिथं लावायचं, सगळीकडं नाही. वरनं फडकं मारायचं. तेल अजिबात नको. आणि पट्टा गुंडाळून नाही ठेवायचा, टांगून ठेवायचा. उन्हात तर नाहीच."

आमच्या वहीत आणखी एक ओळ वाढली: 'मधमाश्यांचं मेण'. कंबरपट्ट्याच्या तुकड्यांवर ते लावलं. आवाज गेला. आठवड्यानंतरही आला नाही. मेणबत्तीसारखं सुटलंही नाही, कारण हे मेण हाताच्या उबेनं नरम होतं आणि चामडं वाकलं तरी त्याच्याबरोबर राहतं. मग मामाच्या पट्ट्याला, ओवलेल्या शेपटीच्या दोन्ही थरांना लावलं. परिपाठाला प्रार्थना झाली. पट्टा गप्प.

खुंटीजवळचं भोक मात्र ताणून मोठं झालं होतं. तिथे मेणानं भागणार नव्हतं आणि भोक सैल राहिलं तर एक दिवस गिटार खाली पडायची. मी त्या मुलाला सांगितलं, "स्टँडजवळ जे आजोबा बसतात त्यांच्याकडे ने." एवढंच.

तो आईबरोबर गेला. आजोबांनी मागून चामड्याचा एक गोल तुकडा शिवून दिला आणि त्याला नवं, घट्ट भोक पाडलं. दुसऱ्या दिवशी हा वर्गात सांगायला उभाच! "सर, त्यांनी कान नाही लावला. नुसता अंगठा फिरवला आणि म्हणाले, इथं घासतंय आणि इथं. आपल्याला दोन तास लागले ते शोधायला!" पोरं हसली, पण या वेळचं हसणं वेगळं होतं. दोघा-तिघांनी विचारलं, ते अजून काय काय करतात? हा रंगवून सांगत होता.

ती मुलगी काही बोलली नाही. पण मान खाली नव्हती.

तुम्ही विचाराल, सर, तेव्हाच का नाही सांगून टाकलंत? किती छान क्षण होता! होता खरा. पण मी शब्द दिला होता. आणि मुळात ती गोष्ट माझी नव्हती. कुणाच्या घरची ओळख कधी, कुणासमोर सांगायची हे त्या मुलानं किंवा मुलीनं ठरवायचं असतं. आपण चांगल्या हेतूनं जरी सांगितलं, तरी वर्गातल्या चाळीस नजरा तिला झेलायच्या असतात, आपल्याला नाही. आमच्या वहीत मेणाच्या ओळीपुढे 'कुणी सुचवलं' हा रकाना अजून रिकामा आहे. वही वर्गातल्या कपाटावर असते, कुणीही उघडू शकतं. तो रकाना भरायचा की नाही, ते तिच्याकडे आहे.

आपल्याकडे आहे ते वेगळं. तो रकाना भरावासा वाटेल असा वर्ग करणं. त्यासाठी मी आता दोन गोष्टी करतो. एक, "तुला काय माहीत?" हे वाक्य वर्गात आलं की तिथेच थांबवतो आणि बदलून घेतो: "तुला कसं कळलं, आम्हालाही दाखव." शब्द दोन-चारच बदलतात, पण पहिल्यात दार बंद होतं, दुसऱ्यात उघडतं. दोन, विज्ञानाच्या प्रत्येक धड्याला मुलांना सांगतो की हे काम रोज करणारं गावातलं एक माणूस शोधा आणि एक प्रश्न विचारून या. लोहार, गवंडी, कुंभार, शिंपी, चर्मकार, वायरमन, सगळे. एकाच मुलीच्या आजोबांना बोलावलं तर बोट तिच्याकडे जातं. सगळ्यांकडे गेलं की ती पद्धत होते.

घरी पट्टा कुरकुरत असेल तर

पालकहो, तुमच्या मुलाच्या गिटारचा चामडी पट्टा वाजत असेल तर फेकू नका. क्रम असा ठेवा:

१. आधी जागा शोधा. ओवलेल्या थरांत कागद सरकवा, ऐका. मग खुंटीपाशी कागदाची चकती लावा, ऐका. पट्ट्याला धातूची कडी किंवा बक्कल असेल तर तीही हलवून बघा.

२. कोरड्या फडक्यानं पुसा. धूळ हीसुद्धा घर्षण वाढवते.

३. घाई असेल, आज संध्याकाळीच कार्यक्रम असेल, तर चिमूटभर टाल्कम पावडर बोटानं चोळा. फवारू नका, नाकात जाते. मक्याचं पीठ पावसाळ्यात वापरू नका, बुरशी धरेल.

४. टिकाऊ उपाय म्हणजे मधमाश्यांचं मेण, अगदी थोडं, फक्त घासणाऱ्या जागी. आधी न दिसणाऱ्या टोकाला लावून बघा, रंग किंचित गडद होऊ शकतो.

५. खाण्याचं किंवा डोक्याचं तेल नको.

६. भोक सैल झालं असेल तर स्वतः खटपट करू नका. चामड्याचं काम करणाऱ्याकडे न्या, मुलाला बरोबर न्या, त्याला बघू द्या. ते सांगतील ती मजुरी द्या, घासाघीस नको. मुलगा तेही बघत असतो.

वर्गात करायचं असेल तर जुना कंबरपट्टा, वीट, आणि मुलं आणतील ते उपाय, एवढं साहित्य पुरतं. दोन तासिका धरा, आणि आठवड्यानंतरच्या निरीक्षणाला दहा मिनिटं. शेवटी मुलांना एक प्रश्न जरूर विचारा: कोल्हापुरी वहाणेला २०१९ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं. बाभळीची साल आणि हिरडा वापरून कमावलेल्या चामड्याची ती वहाण करकरते तेव्हा आपण कौतुक करतो, गिटारचा पट्टा करकरला की हसतो. आवाज तोच, मग फरक कुणी केला? आमच्या वर्गात या प्रश्नावर अर्धा तास चर्चा चालली आणि ती विज्ञानावरून कधी दुसरीकडे गेली ते कळलंही नाही.

तुम्ही हा प्रयोग केलात तर वहीत 'कुणी सुचवलं' हा रकाना नक्की ठेवा. आणि तो भरायची घाई करू नका.